बॅगेतलं औषध

राजिवडा, रत्नागिरी
१३ जुलै २०२५

जिब्रानभाई,
अस्सलामु अलैकुम.

१. हमीद मामू. वय त्रेसष्ट. मिरकरवाड्यातल्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख.

२. ईदनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात ताप आणि खोकला. ११ एप्रिलला नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी छाती तपासली, एक्स-रे काढला नाही.

३. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. एक अँटिबायोटिक, लिव्होफ्लॉक्सासिन, सात दिवस. दुसरी घरघर कमी व्हावी म्हणून स्टेरॉइड.

४. औषधाच्या दुकानातून पट्टी कापून गोळ्या मिळाल्या. नाव आणि इशारा दुकानात राहिलेल्या तुकड्यावर होता. माहितीचा कागद मिळाला नाही.

५. या जातीच्या अँटिबायोटिकने टाचेमागची जाड शीर, म्हणजे कंडरा, कमजोर होऊन तुटू शकते. साठीच्या पुढे धोका जास्त, सोबत स्टेरॉइड असेल तर आणखी जास्त. हे डॉक्टरांसाठीच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. मामूंना कोणीही सांगितलं नाही.

६. गोळ्या चालू असतानाच दोन्ही टाचा दुखू लागल्या. मामू पुन्हा डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "वय झालं हमीदभाई, बोटीवर किती उभे राहता." वेदनेचं इंजेक्शन दिलं. गोळ्या पूर्ण करायला सांगितलं.

७. पुढच्या आठवड्यात, बोटीवरून धक्क्यावर उतरताना उजव्या टाचेमागे आवाज झाला. मागे असलेला खलाशी दादू दोर तुटला असं समजून दोराकडे धावला. मामू खाली बसले होते.

८. कोल्हापूरला तुटलेल्या शिरेचं ऑपरेशन. दीड महिना प्लास्टर.

९. सध्या काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. हाडांच्या डॉक्टरांच्या मते या हंगामात बोटीवर जाता येणार नाही. पुढच्या हंगामाबद्दल ते बोलत नाहीत.

१०. या काळात मामूंनी दुसरं कोणतंही औषध घेतलेलं नाही.

हे मी वकील नम्रता मॅडमसाठी लिहिलं आहे. मामू जिल्हा ग्राहक आयोगात डॉक्टरांविरुद्ध तक्रार करणार आहेत. खरं म्हणजे मामी करणार आहे आणि मामू सही करणार आहेत. प्रत्येक मुद्द्याला आधार हवा, असं मॅडमनी सांगितलं. एक ते नऊपर्यंत कागद किंवा साक्षीदार आहेत. दहाव्याला नाही.

ईदला तू आला होतास. बॅग उघडली तेव्हा मी लोट्याला कारखान्यात ड्युटीवर होते. त्या बॅगेतून मामूंना काही औषध दिलं होतंस का? हो किंवा नाही, एवढं लिही. फोन करू नकोस. मामूंच्या घरात फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय कोणी बोलत नाही, आणि मला हे लेखी हवं आहे.

उझमा


दोहा
१८ जुलै २०२५

उझमा,
वालैकुम अस्सलाम.

तुझी मेल वाचून आधी वाटलं, कंपनीच्या एचआरने नोटीस पाठवली. मावसभावाला कोणी असं लिहितं का गो? "हो किंवा नाही." तू कारखान्यात गोळ्या तपासतेस तसं आता माणसांनाही तपासायला लागलीस. बरी आहेस ना? तुझी अम्मी, माझी खाला, कशी आहे?

बॅगेचं विचारतेस तर ऐक. सुरय्या मामीला अत्तर आणि दोन ब्लँकेट. पोरांना चॉकलेट. अम्मीला बदाम, पिस्ते. मामूंना जॅकेट, टॉर्च आणि बामच्या बाटल्या. दरवेळी नेतो त्या डोकेदुखीच्या गोळ्या पण होत्या, त्या अर्ध्या मोहल्ल्यात वाटल्या गेल्या. बॅग उघडली की काय होतं ते तुला ठाऊक आहे. तळाचा कागदसुद्धा कोणीतरी घडी घालून घेऊन जातं.

बाकी औषध काही नाही. तुझा दहावा मुद्दा आहे तसा ठेव.

त्या डॉक्टरला सोडू नका. टाच दुखते सांगायला माणूस आला, आणि हा म्हणतो वय झालं? मामूंचं वय मी बघितलंय. माझे अब्बा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा. मामूंनी मला खांद्यावर बसवून धक्क्यावर नेलं, आणि त्या खांद्यावर मी दहावीपर्यंत होतो म्हटलं तरी चालेल. तो माणूस काठी घेऊन घरात फिरतो हे मला इथे बसून बघवत नाही. व्हिडिओ कॉलवर ते काठी पडद्यामागे लपवतात. काठीचं टोक दिसतं.

एक तारखेला पावसाळ्याची बंदी उठून बोटी सुटतील. तेव्हा कोणीतरी त्यांच्याजवळ थांबा.

जिब्रान


राजिवडा
२७ जुलै २०२५

जिब्रानभाई,

उत्तर मिळालं. दहावा मुद्दा तसाच ठेवला आहे. आभार.

वकील मॅडमना काल भेटले. मामी सोबत होती. मॅडमनी रस्ते समजावून सांगितले, ते तुलाही कळलेले बरे.

ग्राहक आयोगात भरपाई मागता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, म्हणजे मुदतीची घाई नाही. पण चूक झाली हे आपण दाखवायचं. औषधाने त्रास झाला एवढं पुरत नाही, कारण योग्य औषधानेही त्रास होऊ शकतो. धोका ठाऊक असायला हवा होता, तो सांगितला नाही, आणि टाच दुखते म्हटल्यावरही औषध थांबवलं नाही, हे दाखवायचं. त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरचं मत लागेल. माझं चालणार नाही, मी भाची आहे. कोल्हापूरचे डॉक्टर लिहून देतील असं वाटतं. वैद्यकीय परिषदेकडेही तक्रार करता येते, पण तिथे डॉक्टरांवर कारवाई होते, मामूंना काही मिळत नाही. पोलिसांकडे जाऊ नका, असं मॅडम म्हणाल्या. मामीला तेच हवं होतं. गोळ्यांच्या कंपनीवर जाता येईल का, हेही तिने विचारलं. कंपनीने इशारा छापलेला आहे. तो दुकानाच्या काउंटरवर कापला जातो, त्याला कंपनी काय करणार.

मामीने हे सगळं ऐकून घेतलं आणि मॅडमना म्हणाली, "तुम्ही मला फक्त एवढं सांगा, तो डॉक्टर उभा राहणार काय नाय?"

"राहतील."

"बसायला खुर्ची देतात काय?"

मॅडम हसल्या. मामी हसली नाही.

आणखी एक घडलं. मॅडमची नोटीस मिळाल्यावर गुरुवारी डॉक्टर स्वतः मामूंच्या घरी आले. मी रजेवर होते, म्हणून तिथे होते. मामीने दारातच विचारलं, "टाच बघायला आलात, काय कागद मागे घ्यायला सांगायला?" मामूंनी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. मला चहा ठेवायला सांगितलं.

डॉक्टरांनी टाच पाहिली. ऑपरेशनच्या खुणेवरून बोट फिरवलं. म्हणाले, "हमीदभाई, वीस वर्षं ही गोळी देतोय. एवढं झालेलं पाहिलं नाही. माझ्या गोळ्यांशिवाय दुसरं काही घेतलं होतंत काय?"

मामू म्हणाले, "नाय."

हे म्हणताना त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. का ते कळलं नाही. मी चहा गाळत होते.

डॉक्टर चहा न घेता गेले. वकील मॅडम म्हणाल्या, यापुढे त्यांना घरात घेऊ नका. ते घाबरले आहेत असं मला वाटतं.

एक तारखेला मला सुट्टी मिळणार नाही. दादूला सांगून ठेवलं आहे.

उझमा


दोहा
३ ऑगस्ट २०२५

उझमा,

परवा मामूंचा फोन आला. घरातून नाही, धक्क्यावरून. दादूने त्यांना रिक्षातून नेलं होतं. मागून इंजिनांचा आवाज येत होता, त्यामुळे आम्ही दोघेही ओरडून बोलत होतो. मामू म्हणाले, बोटीला हार घातला, नारळ फोडला, नव्या तांडेलाने पाया पडून विचारलं, चाचा, कुठल्या अंगाला जाऊ? मी म्हटलं, मग तुम्ही काय सांगितलंत? ते म्हणाले, "सांगितलं. पण तो ऐकणार नाय. मी पण नसता ऐकला."

मग बोट गेली असावी, कारण आवाज कमी झाला. आणि त्यांनी एकदम विचारलं, "उझमाने तुला काय लिवून विचारलान?"

मी सांगितलं. मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं.

ते म्हणाले, "बरं केलंस. त्या डब्याचं कुठे बोलू नको. माझं मी बघतो."

आता तुला सांगतो. फेब्रुवारीत मला छातीत कफ झाला होता. कंपनीच्या दवाखान्यात दोन डबे दिले. एका डब्यात मी बरा झालो. दुसरा ठेवून दिला. महागडं औषध, सीलबंद, फेकायचं कशाला? मामूंची छाती दर थंडीत धरते, मला ठाऊक होतं. ईदला बॅग उघडली तेव्हा सगळ्यांच्या समोर नाही दिला, मागून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, खोकला आला तर ही घ्या, इथल्यापेक्षा भारी आहे. त्यांनी डबा कपाळाला लावला आणि कपाटात ठेवला. तू आम्हाला हसशील. पण आपल्याकडे अत्तर सगळ्यांना देतात, औषध बापाला देतात.

मी फोनवर विचारलं, मग एप्रिलमध्ये डॉक्टरची घेतलीत की माझी?

"डॉक्टरची सकाळी, तुझी रात्री," म्हणाले. "दोघांचा मान राखला."

रूममेटच्या फोनवर डब्याचं नाव टाकून बघितलं. मॉक्सिफ्लॉक्सासिन. डॉक्टरने दिली त्याच जातीची. म्हणजे मामू एकच विष दिवसातून दोनदा घेत होते. डॉक्टरच्या गोळीने जेवढं व्हायचं तेवढं झालं असतं, बाकीचं मी पाठवलं.

पण उझमा, एक गोष्ट मला कळत नाही. मामू म्हणाले, "मी काय आंधळेपणाने नाय घेतली. रविवारी उझमा घरी होती, तिला दाखवली. म्हणाली, चांगली आहे, तारीख पुढच्या वर्षीची आहे."

तू तो डबा हातात घेतला होतास. नाव वाचलं होतंस. मग मला कशाला विचारलंस, बॅगेतून काय दिलं म्हणून? मी नाही म्हटल्यावर तू आभार मानलेस. ते आभार मी आठवडाभर खिशात घेऊन फिरतोय. मला वाटत होतं मी तुला फसवतोय.

जिब्रान


लोटे
६ ऑगस्ट २०२५

जिब्रानभाई,

पत्र मिळालं. त्यातलं सगळं खरं आहे. उत्तर नंतर लिहीन.

उझमा


दोहा
१७ ऑगस्ट २०२५

उझमा,

दहा दिवस झाले. फोन उचलत नाहीस. रागावली असलीस तर तसं सांग. तुझ्या गप्प बसण्यापेक्षा तुझा राग बरा.

मी खूप विचार केला. डॉक्टरची चूक आहे की नाही? आहे. त्याने स्टेरॉइडसोबत दिली की नाही? दिली. टाच दुखते सांगितल्यावर चालू ठेव म्हणाला की नाही? म्हणाला. मग ती चूक आपल्या डब्यामुळे पुसली जाते का? नाही ना? मग आपलं लिहायचंच कशाला? डॉक्टरचा विमा असतो म्हणतात. त्याच्या घरातलं काही जात नाही. मामूंना मिळेल ते मिळेल. डबा आता कुठे आहे कोणाला ठाऊक. अरबी अक्षरांचा डबा, पोरांनी खेळायला नेला असेल.

अम्मीला अजून सांगितलेलं नाही. तिला कळलं तर ती भावाच्या दारात पाऊल टाकणार नाही. आणि मोहल्ला काय म्हणेल ते मला इथे ऐकू येतं. हमीद तांडेलने भाच्याला पायावर उभं केलं आणि भाच्याने त्याचा पाय काढून घेतला.

तू म्हणशील तर मी नोकरी सोडून येतो. बोटीवर जातो त्यांच्या जागी. मला समुद्र लागतो, उलट्या होतात, तरी जातो.

काहीतरी लिही.

जिब्रान


राजिवडा
३१ ऑगस्ट २०२५

जिब्रानभाई,
अस्सलामु अलैकुम.

रागावले नव्हते. तुला काय लिहायचं ते ठरत नव्हतं, आणि ठरल्याशिवाय मी लिहीत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी. तो रविवार १३ एप्रिल होता. मी सोमवारच्या पहिल्या गाडीसाठी कपड्यांना इस्त्री करत होते. मामू दारात उभे राहिले आणि म्हणाले, "उझमा, ही चांगली आहे काय बघ गो." मी डबा घेतला, नाव वाचलं, तारीख पाहिली, सील पाहिलं. म्हटलं, औषध चांगलं आहे, तारीख पुढच्या वर्षीची आहे. कारखान्यात माझ्यासमोर नमुना येतो तेव्हा मी हेच करते. नमुन्यात जे असायला हवं ते आहे का, एवढंच पाहते. तो कोण खाणार आहे, हे माझ्या टेबलावर येत नाही.

मामू उभे होते तोवर दोनदा खोकले. मी ऐकलं. हे औषध त्या वयाच्या माणसाला का जपून देतात, ते मला कॉलेजपासून ठाऊक आहे. परीक्षेला त्यावर प्रश्न होता. कोणासाठी, कधीपासून, सोबत दुसरं काही चालू आहे का, असे तीन प्रश्न विचारायला इस्त्री बाजूला ठेवावी लागली नसती. मी विचारले नाहीत. त्यांनी जेवढं विचारलं तेवढ्याचं बरोबर उत्तर दिलं.

मग तुला का विचारलं, हा तुझा दुसरा प्रश्न. तू नाही म्हणावंस म्हणून. तू नाही म्हटलंस की तो डबा कुठून आला हे कोणालाच सांगावं लागणार नव्हतं, आणि मी तो पाहिला हेही. तुला खोटं बोलायला लावून मी माझा मुद्दा कोरा ठेवला. मामूंनी चहाच्या वेळी माझ्याकडे का पाहिलं, तेही मला कळलं होतं. कळलं नाही असं तुला लिहिलं.

आता काय झालं ते.

गेल्या आठवड्यात मी वकील मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तक्रार मरत नाही, पण बदलते. डॉक्टरांची चूक तिथेच आहे. वय, स्टेरॉइड, न सांगणं, आणि मुख्य म्हणजे टाच दुखते म्हटल्यावर न थांबवणं. त्यांनी त्या दिवशी विचारलं असतं की आणखी काय घेता, तर डबा तेव्हाच बाहेर आला असता. पण मामूंनी स्वतःहून दुसरं औषध घेतलं हेही तिथे असेल. आयोग त्यांचा वाटा धरेल आणि भरपाई कमी होईल. किती, ते त्या सांगू शकत नाहीत. डबा लपवला आणि पुढे निघाला, तर मात्र काहीच उरणार नाही, आणि मामूंनी शपथेवर खोटं सांगितलं असं होईल. डॉक्टरांना संशय आहेच. त्या दिवशी ते घाबरून आले होते असं मी तुला लिहिलं होतं. आता वाटतं, ते विचारायला आले होते आणि आपण तिघांनी मिळून त्यांना परत पाठवलं.

विम्याचं तू लिहिलंस. विमा असेलही. पण आयोग ज्या कागदावर निकाल देईल त्यावर त्यांचं नाव असेल, आणि आपल्या मोहल्ल्यातली पोरं तापाला अजून त्यांच्याकडेच जातात. त्यांच्या चुकीएवढं त्यांच्यावर यावं. आपलंही त्यांच्यावर ढकललं तर मला ते जमणार नाही.

मॅडमकडून मी सरळ मामूंकडे गेले. मामी बांगडे साफ करत होती. मामू खिडकीजवळ खुर्चीत. मी उभ्यानेच सांगितलं, "मामू, तुम्ही डबा दाखवलात तेव्हा तुम्ही खोकत होता. मी काही विचारलं नाही."

मामू म्हणाले, "तू कुठे गो कोणाला काय विचारतेस? लहानपणापासून तशीच. ईदीचे पैसे दिले तरी मोजायची, कोणी दिले ते विचारायची नाय."

मामीचा हात थांबला. "कुठचा डबा?"

तिने मामूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला काही माहीत नव्हतं. घरातल्या सगळ्यांत तीच एकटी खरं बोलत होती, कारण तिला तेवढंच माहीत होतं.

मामूंनी सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. "एक डबा होता," एवढंच. मामी म्हणाली, "अरबी अक्षरांचा? जिब्रानचा?" आणि मामू खिडकीबाहेर पाहायला लागले.

मग ती मला म्हणाली, "इतकी शिकलीस ती तारीख वाचायला काय गो? तारीख तर दुधाच्या पिशवीची मी पण वाचते."

तिने हात धुतले, आत गेली आणि थोड्या वेळाने तो डबा आणून टेबलावर ठेवला. पोरांनी नेला नव्हता. मामूंनी त्यात मधाची बाटली ठेवली होती, मधाने डबा चिकट झाला होता. मामी म्हणाली, "आता डॉक्टर हसेल."

मॅडम काय म्हणाल्या ते मी दोघांना समजावून सांगितलं. मामूंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "त्या पोराचं नाव कागदावर घालून मी सही करणार नाय. आणि नाव टाळून केली तर ती खोटी. म्हणून सहीच नाय. झाला."

मामी ओरडली, "मग पायाचं काय?"

"पाय माझा हाय."

"तुमचा एकट्याचा? रात्रंदिवस उचलून कोण ठेवतंय?"

मला असं वाटलं की मामूंचं म्हणणं संपलं. मी डबा पिशवीत घातला आणि निघाले. दारात असताना मागून म्हणाले, "त्याने आपणहून सांगितलान तर बघू."

त्यांना काय म्हणायचं आहे ते माझ्या मते असं. तू लपवत असताना त्यांनी तुझं नाव दिलं, तर ते तुला पकडून दिल्यासारखं होईल. तू स्वतः म्हणालास, माझं नाव घाला, तर ते तुझ्या बाजूने सही करतील. तुला बोटीवर पाठवून त्यांना काही नको आहे. नोकरी सोडून येऊ नकोस. तू आल्याने त्यांची शीर जुळणार नाही, आणि तू समुद्रात ओकत बसशील ते त्यांना किनाऱ्यावरून बघावं लागेल.

तुझ्या अम्मीला तूच सांग, दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी. मोहल्ला बोलेल. माझ्याबद्दलही बोलतोय. परवा दुकानात एकीने मला विचारलं, ही पॅरासिटामॉल घेऊ काय, की तुला दाखवली म्हणजे भीतीच? मी तिला विचारलं, कोणासाठी, वय काय, आणखी काय चालू आहे. ती वैतागली. मी सगळी उत्तरं मिळेपर्यंत तिला सोडलं नाही. त्याने मामूंना काही फरक पडत नाही, हे मला ठाऊक आहे.

माझा जबाब मी लिहून दिला आहे. डबा पाहिला, नाव वाचलं, खोकला ऐकला, विचारलं नाही. मामूंनी सही केली तर तो तक्रारीसोबत जाईल. डॉक्टरांचे वकील उलटतपासणीत मला विचारतील की औषधशास्त्र शिकलेली मुलगी असून तू काय केलंस. मॅडमनी सांभाळून उत्तर द्यायला शिकवू का विचारलं. मी नको म्हटलं. सरकारची दुष्परिणाम नोंदवण्याची व्यवस्था असते, तिथेही हे सगळं कळवलं आहे, दोन्ही औषधांची नावं घालून. रुग्णाचं नाव तिथे लागत नाही. कळवणाऱ्याचं लागतं. ते दिलं.

तुझ्याकडून मला एकच हवं आहे. डब्यात काय होतं, का दिलंस, ते नको. ते मामूंना माहीत आहे आणि त्यांनी ते कपाळाला लावलं आहे. त्यांच्या नावाने एक पत्र लिही, त्यात "माझं नाव घाला" असं स्पष्ट असू दे. कागदावर हाताने लिही आणि फोटो मला पाठव, मी छापून त्यांच्या हातात देईन. मराठीत लिही. ते चौथीपर्यंत शिकलेत, अक्षर मोठं काढ. फोन करू नकोस, तू रडशील आणि ते तुला माफ करून विषय बंद करतील.

नाही म्हणायचं असेल तर तेही लिही. मामूंचे कागद मी मॅडमकडून परत घेईन आणि तुझं नाव मी कुठेही घेणार नाही. मात्र डॉक्टरांना भेटून माझ्यापुरतं सांगून येईन.

मॅडम सोमवारी, १५ सप्टेंबरला, तक्रार दाखल करतील किंवा फाइल बंद करतील. त्याआधी, रविवार १४ सप्टेंबरपर्यंत, मला उत्तर पाठव.

उझमा